इन्नोम्मे

रेशनच्या मशीननं पहिल्यांदा नाही म्हटलं ते शिमग्याच्या आदल्या दिवशी.
बसप्पा म्हणाला, इन्नोम्मे अक्का, पुन्हा एकदा ठेव.
ठेवला. पदराला पुसून ठेवला.
केसांतून फिरवून ठेवला, जरा तेल लागेल म्हणून.
मशीनच्या आतली बाई कन्नडात, गोड आवाजात
सांगत राहिली की ह्या बोटावर कुणीच नाही.

खरं आहे तिचं.
जांबोटी रस्त्यावरच्या काजू फॅक्टरीत एकोणीस वर्षं.
टरफल फुटलं की चीक उडतो, डांबरासारखा काळा.
आधी जाळतो, मग कातडं सुटतं, मग नवीन येतं,
कोरं, वाळल्या पत्रावळीसारखं,
आणि त्यावर काही उमटायच्या आत
पुन्हा सोमवार.

तांदूळ राहिला. भाचीच्या कानावर गेलं.
वैजयंता बेळगावात गणपत गल्लीतल्या दुकानात उभी असते,
दहा तास, बसायला स्टूल नाही,
गाल मात्र घासलेल्या समईसारखे.
ती आली शेवटच्या बसनं, एक डबी आणि पाच पाकिटं घेऊन.
कोरियाचं हाय मावशी. कोलाजन. कोरडं कातडं मऊ पडतंय.
कशाचं करतात गे?
माशाच्या कातडीचं, म्हणाली,
आणि सासूबाईंच्या गळ्यातल्या माळेकडं बघून गप्प बसली.

किंमत तिनं नखानं खरवडून काढलेली.
एक नऊ तेवढा राहून गेलेला.

डबीवरचं अक्षर मी बराच वेळ बघितलं.
गोल, खाली आडवी रेघ, बाजूला उभी,
पोरानं पाटीवर भाकरी आणि लाटणं काढावं तसं.
आमच्याकडं अक्षरावरून बस अडवतात,
बोर्डाला डांबर फासतात, दोन दिवस शाळा बंद.
ह्या अक्षराला कुणी काही म्हणालं नाही.
वैजयंताच्या दुकानात ते काचेवर सगळ्यांत वर आहे म्हणे,
आणि खाली कन्नड, त्याच्या खाली मराठी,
दोघंही मुकाट.

तोंडाला लाव गे मावशी, तोंडासाठी हाय ती.
तोंड कुणाला दाखवायचंय? मशीन अंगठा मागतंय.

मग रोज रात्री, भांडी झाल्यावर,
पाकीट फोडायचं. आत एक ओलं, पांढरं तोंड घडी घालून ठेवलेलं,
डोळ्यांना दोन भोकं, ओठांना एक.
मी त्याचं कपाळ अंगठ्याला गुंडाळलं,
हनुवटी तळव्यावर ओढली,
आणि ओठांच्या भोकातून मधलं बोट बाहेर आलं,
जीभ दाखवल्यासारखं.
काय करूलालीस गे? ह्यांनी खाटेवरून विचारलं.
अंगठा भिजत घातलाय, म्हटलं. हरभऱ्यासारखा.
वर डबीतली क्रीम. हाताला उरलेली
पुसून टाकायला जीव होईना, म्हणून
डाव्या करंगळीला.

चार रात्री. फॅक्टरीत दोन खाडे, पगार कापून.

बसप्पाकडं गेले. अंगठा ठेवला,
इतका मऊ की मलाच परका.
घसरला.
इन्नोम्मे.
त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसला. नाही.
तर्जनी नाही. मधलं नाही.
मागच्या बाया पोती सरकवायला लागल्या.
शेवटी वैतागून तो म्हणाला, कुठलंही ठेव, देवाचं नाव घे,
आणि मी डावी करंगळी ठेवली,
जिनं एकोणीस वर्षांत एक काजू फोडला नाही,
नुसती बाजूला उभी.
हिरवा दिवा.
मशीनमधली बाई एकदम माझ्या ओळखीची झाली.

दहा किलो तांदूळ. तो डोक्यावर घेऊन येताना मला
अंगठ्याचं जरा वाईट वाटलं.

पाचवं पाकीट शिल्लक होतं.
रविवारी दुपारी, सासूबाई नणंदेकडं, हे लग्नाला,
मी जमिनीवर आडवी झाले आणि ते तोंड तोंडावर ठेवलं.
गार. विहिरीच्या कडेसारखं गार.
कौलातून ऊन एका जागी पडलेलं, मी ते सरकताना बघितलं.
वीस मिनिटं, वैजयंता म्हणाली होती, बोलायचं नाही.

दारात कुणीतरी आलं. लक्षुंबाई असणार, विरजण मागायला.
कोण हाय गे घरात?
पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं:
कोण हाय?

ओठ हलवले असते तर सरकलं असतं.